डोंबिवलीच्या हॉलमध्ये व्हीआर हेडसेट, सहा महिने वापरून

नणंद सिएटलला असते, तिनं दिवाळीला येताना व्हीआर हेडसेट आणला, म्हणजे डोळ्यांवर बांधायचा जाड चष्मा, ज्याच्या आत चारी बाजूंनी दुसरंच जग दिसतं आणि त्यात खेळताही येतं. वायर नाही कॉम्प्युटर नाही, डोक्याला लावला की सुरू. सहा महिने घरातली पाचही माणसं आळीपाळीनं वापरतोय म्हणून लिहितेय, कारण व्हिडिओत रिव्ह्यू करणारे सगळे मोठ्या रिकाम्या खोलीत उभे असतात आणि आमचा हॉल दहा बाय चौदाचा आहे. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, जे सांगतेय ते या जातीच्या सगळ्याच हेडसेटना लागू आहे.

पहिली गोष्ट जागा. उभं राहून खेळायचं तर साधारण दोन मीटर बाय दोन मीटर म्हणजे साडेसहा फुटांचा चौकोन मोकळा लागतो, मग आमचा टीपॉय रोज संध्याकाळी दाराबाहेर पॅसेजमध्ये जातो, दोन खुर्च्या बेडरूममध्ये, आणि सीलिंग फॅन असेल तर उंच माणसानं हात वर करायचा नाही हे आधीच बजावून सांगा. आता पूर्ण मजल्याला कळलंय, टीपॉय बाहेर दिसला की आमचे अण्णा टेबल टेनिस खेळतायत.

अण्णा म्हणजे सासरे, वय ७४, बँकेत असताना खेळायचे. पहिल्याच दिवशी सलग दोन गेम जिंकले आणि दमले म्हणून समोरच्या टेबलावर हात टेकवायला गेले, आता ते टेबल हॉलमध्ये आहे कुठं! मी शेजारीच उभी होते म्हणून धरलं. तेव्हा वडीलधारं माणूस खेळत असेल तर एकानं बाजूला उभं राहायचंच, यात सूट नाही. सासूबाईंनी समुद्राखालचा व्हिडिओ पाहिला, देवमासा जवळ आला तशा निऱ्या वर धरून दोन्ही पाय दिवाणावर घेतले आणि म्हणाल्या, अगं बाई फरशी ओली होईल. एवढं खरं वाटतं, म्हणून चित्राला माझ्याकडून पूर्ण मार्क.

वजन मात्र अर्धा किलो. अर्धा किलोचा श्रीखंडाचा डबा कपाळाला बांधून अर्धा तास बसा म्हणजे अंदाज येईल, गालावर वळ उठतात आणि मे महिन्यात तर आतला फोम घामानं भिजतो, सिलिकॉनचं कव्हर आधीच घेऊन ठेवा. पण १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड या अमेरिकी संगणकतज्ज्ञानं डोक्याला लावायचं असंच जे यंत्र केलं ते इतकं जड होतं की छताला टांगावं लागायचं, त्या हिशोबानं आपण बरंच पुढं आलोय. पैसे जास्त टाकले की वजन कमी होतं असंही नाही बरं का, ॲपलचा व्हिजन प्रो हा हेडसेट २०२४ मध्ये ३,४९९ डॉलरला आला, तोही सहाशे ग्रॅमच्या पुढंच, वर त्याची बॅटरी वेगळी, वायर लावून खिशात ठेवायची.

गरगरण्याचं सांगते. डोळे म्हणतात आपण पळतोय, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो जागेवर आहोत, आणि दोघांचं पटलं नाही की घाटातल्या एसटीसारखं मळमळायला लागतं. माझ्या मुलाला काही होत नाही, नवऱ्याला पाच मिनिटांत घाम फुटतो. ज्यात आपण स्वतः जागेवर असतो ते खेळ आधी खेळा, टेबल फॅन समोर लावा म्हणजे वाऱ्यावरून दिशाही कळते, आणि मळमळलं की लगेच काढा, सवय होईल म्हणून रेटू नका. चष्मेवाल्यांनी स्पेसर, म्हणजे चष्म्यासाठी आत जागा करणारी चौकट, लावल्याशिवाय घालू नका, काचेला काच घासते. आणि काढल्यावर हेडसेट गॅलरीत उन्हात ठेवू नका, त्या भिंगांतून ऊन आत गेलं की स्क्रीन जळते.

आता माझं खरं म्हणणं. हे सगळं एकट्यानं बघण्यात मजा अर्धीच आहे. सासूबाई पहिल्या दिवशीच म्हणाल्या, हे तर जत्रेतलं बायस्कोप. लहानपणी त्या डब्याच्या भोकाला डोळा लावून बसायच्या आणि बायस्कोपवाला बाहेरून झांजा वाजवत आत काय चाललंय ते गाऊन सांगायचा, त्यामुळे ज्यांच्याकडं पैसे नसायचे त्यांनाही जत्रा ऐकू यायची. आम्ही आता कायम टीव्हीवर कास्ट करतो, म्हणजे हेडसेटमध्ये दिसतं तेच टीव्हीवरही दिसतं, चित्र थोडं मागून येतं पण सगळे ओरडतात, अण्णा डावीकडे, अण्णा सोडा तो! कंपन्यांनी ही सोय सेटिंगच्या पोटात लपवण्यापेक्षा डब्यावर मोठ्या अक्षरात छापावी.

भविष्याबद्दल आमच्या घरात रोज चर्चा होते. फेसबुकनं २०२१ मध्ये नाव बदलून मेटा केलं आणि सगळं जग आत भेटेल असं सांगितलं, पण हेडसेटच्या आतल्या त्यांच्या त्या जगात आपल्या जागी जी चित्रातली माणसं दिसायची त्यांना तेव्हा कमरेखाली काही नव्हतं, पाय देणार अशी घोषणा २०२२ मध्ये करावी लागली. सासूबाईंनी मुलाच्या फोनवर ते जुने फोटो पाहिले आणि म्हणाल्या, भुतांचे पाय निदान उलटे तरी असतात. पुढं लग्नं अशीच होणार म्हणतात, अमेरिकेतली मावशी तिथूनच अक्षता टाकेल, ठीक आहे, पण पंगतीत बसून मसालेभाताचा वास आला नाही तर ती मावशी रुसणारच. मॉर्टन हायलिग या अमेरिकी सिनेमावाल्यानं १९६२ मध्ये पेटंट घेतलेल्या सेन्सोरामा या एकट्यानं बसून सिनेमा बघायच्या यंत्रामध्ये वास होता, वारा होता, हलणारी खुर्ची होती. साठ वर्षांपूर्वी जमलं होतं तर मला वास पाहिजे.

घ्यावा का? घरात दोन पिढ्या असतील आणि हॉल रिकामा करायची तयारी असेल तर नक्की घ्या. एकट्यासाठी असेल तर आधी मॉलमधल्या व्हीआर पार्लरला जाऊन पंधरा मिनिटं बसा, गरगरतं का ते बघा. माझ्याकडून पाचपैकी चार, एक वजनाचा कापला.

मार्चमध्ये नणंदेनं तिकडं स्वतःसाठीही घेतला. तिच्याकडं सकाळचे साडेसात, आमच्याकडं रात्रीचे आठ, अण्णा आणि ती टेबलाच्या दोन बाजूंना. परवा गेम संपल्यावर अण्णा तसेच हेडसेट घातलेले मागं वळून मला म्हणाले, हिच्यासाठी पण चहा टाक. रोज आठला टीपॉय बाहेर असतो, शेजारच्या काकूही हल्ली खुर्ची घेऊन येतात.