पुढच्या शॉकअपचे काम: छावणीतील एका गॅरेजचा अनुभव

जाम गेटहून इंदूरला परतताना मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपच्या उजव्या पाइपवर तेलाचे कडे दिसले आणि घरी पोहोचेपर्यंत ओघळ ब्रेकच्या डिस्कपर्यंत आला होता. ब्रेकपॅडने हे तेल एकदा शोषले की पॅड पुसून भागत नाही, ते बदलावेच लागतात. चारच महिन्यांपूर्वी दुसरीकडे नवे ऑइल सील (पाइपभोवतीचे, तेल बाहेर येऊ न देणारे रबरी कडे) टाकून घेतलेले असल्यामुळे या वेळी इंदूरच्या छावणी भागातील, पाटीही नसलेल्या एका गॅरेजमध्ये गेलो आणि काम चालू असताना तिथेच स्टूल टाकून बसलो.

कारागिराने चाक काढण्याआधी इंजिनाखाली जॅक लावला, ब्रेकचा कॅलिपर (पॅड धरणारा भाग) त्याच्या नळीवर लोंबकळू न देता तारेने बांधून ठेवला आणि पाइप ‘टी’मध्ये, म्हणजे दोन्ही पाइप धरणाऱ्या आडव्या भागात, आवळलेले असतानाच वरचे बोल्ट थोडे सैल केले. कारण पाइप बाहेर काढल्यावर ते पकडीत धरून फिरवायला गेले, तर क्रोमवर ओरखडे पडतात. पाइप मोकळा होताच त्याने त्यावरून हळूहळू नख फिरवले. एका जागी नख अडकले. गंजाने पडलेला तो खड्डा तिळाएवढाही नव्हता, पण सीलची कड दर हिसक्याला त्यावरूनच वर-खाली होत होती. ‘भिया, सील कित्ती बी डालो, ये काट देगा,’ एवढेच तो म्हणाला. मागच्या वेळी हे कोणी पाहिलेच नव्हते.

उजवा पाइप नवा मागवला, डावा काचेवर लोटून वाकलेला नाही याची खात्री केली, आणि दोन्हीकडची सील व बुश (पाइपला आतून आधार देणारी कडी) बदलली. नवे सील बसवताना पाइपच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळली होती, जेणेकरून सीलची कड धारेवर फाटू नये. तेल मापाच्या ग्लासाने भरले, पाइप सावकाश वर-खाली करून हवा काढली आणि मग स्प्रिंग न घालता पाइप पूर्ण दाबून, काठापासून तेलापर्यंतचे अंतर दोन्हीकडे पट्टीने मोजले. तेल जास्त झाले तर वरची हवेची जागा कमी होते, शॉकअप शेवटी कडक होतो आणि सीलवर ताण येतो. बहुतेक ठिकाणी मात्र अंदाजानेच ओततात.

तक्रारीही आहेत. खालच्या बोल्टचा तांब्याचा वॉशर तो जुनाच लावत होता, मी आग्रह केल्यावर बदलला. सुटे भाग रस्त्यालगत वर्तमानपत्रावर मांडलेले होते आणि तिथली धूळ सांगायलाच नको. नव्या पाइपसाठी तीन दिवस गेले. मजुरी ९०० रुपये घेतली, पावती दिली नाही.

मागचा शॉकअपही उघडून पाहा म्हटले, तर त्यात दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो आणि तो पुन्हा भरण्याचे साधन आपल्याकडे नाही, असे सांगून त्याने सरळ नकार दिला. पुढचे पाइप दोन महिन्यांनंतरही कोरडे आहेत.