‘फ्लाइंग स्कॉट्समन’ ॲड-ऑन : सात महिने चालवल्यानंतर

कॉम्प्युटरवरच्या ट्रेन सिम्युलेटर खेळाला जोडायचं, ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ ह्या ब्रिटिश वाफेच्या इंजिनाचं हे ॲड-ऑन सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळालं म्हणून जूनमध्ये घेतलं आणि पहिल्या आठवड्यातच वैतागून काढून टाकणार होतो. आता सात महिने झाले. रात्री कारखाना बंद केला की तासभर तरी इंजिन चालवल्याशिवाय झोप येत नाही. कारखाना म्हणजे आमचा तंतुवाद्यांचा, मिरजेत. दिवसभर तंबोऱ्याची जवारी काढायचं, म्हणजे तारेचा नाद नेमका लावायचं काम, त्यामुळे आधी आवाजाबद्दलच लिहितो.

हे तीन सिलिंडरचं इंजिन. नायजेल ग्रेस्ली यांच्या आराखड्यावर बांधलेलं, १९२३ साली डॉनकास्टरच्या कारखान्यातून बाहेर पडलेलं. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला धुराड्यातून चार ठोके येतात, ह्यात सहा. सरळ दादरा. गाडी सुटताना रेग्युलेटर (सिलिंडरला वाफ सोडणारा दांडा) जेमतेम उघडा आणि मोजा, सहाच्या सहा वेगळे ऐकू येतात. मधल्या सिलिंडरला वाफ देणाऱ्या झडपेला हलवणारी स्वतंत्र यंत्रणा नाही. बाहेरच्या दोन झडपांच्या हालचाली दांड्यांनी जोडून तिची हालचाल साधलेली आहे. दांड्यांचे सांधे झिजले की सगळी झीज त्या मधल्या झडपेवर येते आणि लय जराशी लंगडते. बनवणाऱ्यांनी ते लंगडणंसुद्धा ठेवलंय, अगदी पुसट. मला ते कळायला दोन महिने लागले. कळलं तेव्हा हातातला माउस ठेवून नुसता ऐकत बसलो होतो.

आमच्या गल्लीत एक चाचा आहेत, मिरज लोको शेडला फायरमन होते, मीटरगेजच्या काळात वायपी जातीच्या, दोन सिलिंडरच्या वाफेच्या इंजिनांवर. एका रात्री त्यांच्या कानाला हेडफोन लावला. डोळे मिटून मांडीवर बोटं आपटत बसले. मग म्हणाले, “हे आमचं न्हाई बाबा. ह्यात दोन ठोकं जास्त हैत.” सिलिंडरचं मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

आता आगीचं. पहिल्या आठवड्यात माझं काय चुकत होतं, तर मी डिझेल इंजिनासारखं चालवत होतो. पीटरबरोहून उत्तरेला निघालं की स्टोकचा चढ लागतो, कठीण भागात १७८ फुटांना १ फूट. चढ लागल्यावर मी भट्टीत कोळसा लोटायचो. ताज्या कोळशाने भट्टी थंडावते, काळा धूर निघतो, वर पाणी कमी म्हणून इंजेक्टर (बॉयलरमध्ये पाणी ढकलणारं साधन) सुरू केला की गार पाण्याने दाब आणखी पडतो. वाफेच्या दाबाचा काटा २२० पौंडांवरून १४०वर यायचा आणि गाडी माथ्यावरच्या बोगद्याच्या अलीकडे रांगायची. चाचांनी बघितलं आणि एवढंच म्हणाले, “घाट आल्यावर कोळसा मारून काय उपेग? आदर्कीच्या घाटाला आम्ही आधीच आग तयार करून ठेवायचो.” तेव्हापासून चढाच्या दहा मिनिटं आधी बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी भरपूर, आग लाल आणि सारखी पसरलेली, दाराशी नि मागच्या कोपऱ्यांत थोडी जाड. चढावर फक्त थोडा थोडा कोळसा, लागोपाठ. धूर फिकट राखाडी राहिला की समजायचं, जमलं. कटऑफ (दट्ट्याच्या फेरीत किती वेळ वाफ आत सोडायची ते प्रमाण) ३० टक्क्यांच्या आसपास ठेवून माथ्यापर्यंत दाब २०० च्या खाली न जाऊ देता पहिल्यांदा गेलो, त्या रात्री मी चाचांचं दार वाजवलं होतं. साडेअकरा वाजले होते, पण ते जागेच होते.

रेग्युलेटर मिटायच्या आधी ब्लोअर (धुराड्यात वाफ सोडून आगीला ओढ देणारा) उघडायला विसरलात तर भट्टीच्या दारातून ज्वाळा केबिनमध्ये येतात, हेही दाखवलंय, आणि फार छान दाखवलंय.

चूक आहे ती पाण्याच्या काचेत, आणि ती मला खरंच लागते. चढ संपून उतार लागला की बॉयलरमधलं पाणी पुढे वाहतं, मागे भट्टीच्या छतावर ते कमी होतं, काचेतली पातळी झपकन खाली दिसते. छत उघडं पडलं तर इंजिनाचं नि माणसांचं काही खरं नाही. इथे माथा ओलांडला तरी काच जशीच्या तशी. चाचा नेमके तेवढ्यासाठी पुढे वाकून बसले होते. “पाणी पुढं पळालं न्हाई,” म्हणाले, “मग माथा आला हे फायरमनला कळायचं कसं?” एवढं सगळं बारकाईने करून हेच कसं राहिलं!

दुसरी तक्रार इतिहासाची. ३० नोव्हेंबर १९३४ रोजी ह्या इंजिनाने स्टोकच्याच उतारावर ताशी १०० मैल गाठले. वाफेच्या इंजिनाची रीतसर नोंद झालेली ती पहिली शंभरी. त्या फेरीचा सिनॅरिओ, म्हणजे खेळात चालवायची तयार फेरी, दिलाय, पण बॉयलर २२० पौंडांचा. तो १९४७च्या फेरबांधणीत आला. १९३४ साली १८० पौंडांवर काम होतं. साहजिकच सिनॅरिओ सोपा होतो. मी आता स्वतःच दाब १८० च्या वर जाऊ देत नाही, तेव्हा कुठे खरी ओढाताण कळते.

१९२८ची लंडन ते एडिंबरा विनाथांबा फेरी, ६३२ किलोमीटरची, मात्र मनापासून केलीय. टेंडरमधून (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यातून) बोळ काढलेला, त्यातून ड्रायव्हर-फायरमनची दुसरी जोडी वाटेत चालत्या गाडीत येते. त्या बोळातून चालूनही जाता येतं, अगदी अंगावर येणारा अरुंद. रविवारी आख्खा दिवस मोकळा ठेवूनच बसा, कारण मध्ये सेव्ह करून उठलात तर परत येईपर्यंत आग विझलेली असते. हा दोष पहिल्यापासून आहे, अजून दुरुस्त नाही. माझं ग्राफिक्स कार्ड जुनं आहे, मोठ्या स्टेशनांत अडखळतं, बाकी ठीक.

घेणार असाल तर पहिला महिना ऑटो फायरमन (आग-पाणी खेळानेच सांभाळायची सोय) लावून मार्ग पाठ करा, मग तो कायमचा बंद करा. आणि स्पीकरवर चालवू नका, बरा हेडफोन घ्या.