तबल्याच्या जोडीला पेटी: पट्टी न बदलणाऱ्या साध्या संवादिनीचे परीक्षण

दुसरे वाद्य कोणते शिकावे, असे विचारले की बहुतेक जण आवडेल ते शिका म्हणून मोकळे होतात. आवड तर हवीच; परंतु रियाझाचा वेळ आता दोन ठिकाणी वाटला जाणार असेल, तर दुसऱ्या वाद्याने पहिल्यातली उणीव भरून काढावी आणि पहिल्यावर केलेली मेहनतही त्यात कामी यावी, एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नसावी. तबला वाजवणाऱ्यापाशी लय असते, पण स्वराशी त्याचा संबंध बहुधा तबला मिळवण्यापुरताच येतो. या दृष्टीने डबल रीडची, साडेतीन सप्तकांची, पट्टी (गाण्याच्या षड्जाची उंची) न बदलणारी साधी हातपेटी कशी ठरते, ते येथे पाहायचे आहे. फोंड्यात आमच्या घरी अशी पेटी येऊन एक पावसाळा उलटला आहे, त्यामुळे गोव्याच्या हवेत तिचे काय होते तेही सांगता येईल.

पेटी घेण्याआधी इतर पर्यायांचा विचार झाला होता. घुमट या मातीच्या तालवाद्याला गोवा सरकारने 2019 साली वारसा वाद्याचा दर्जा दिला, घोरपडीच्या चामड्याऐवजी बकऱ्याच्या चामड्याने मढवलेली घुमटे आता सर्रास मिळतात, आणि चतुर्थीच्या आरत्यांमुळे हात आपोआप तयार होतो. मात्र ते पुन्हा तालवाद्यच असल्याने स्वराची उणीव तशीच राहते. व्हायोलिनची परंपरा गोव्यात मोठी आहे. आर. डी. बर्मन आणि प्यारेलाल यांना शिकवणारे अँथनी गोन्साल्विस हे माजोर्ड्याचे. पण व्हायोलिनवर नुसता शुद्ध षड्ज लावायलाच बराच काळ जातो, आणि तेवढा काळ तबल्यातून काढायची माझी तयारी नव्हती. बासरी स्वस्त व सुटसुटीत असली तरी वाजवताना बोलता येत नाही, मात्रा मोजून दाखवता येत नाहीत. सारंगीवरचा लेहरा, म्हणजे तबल्याच्या साथीला पुन्हा पुन्हा वाजणारी सुरावट, ऐकायला कितीही गोड वाटला, तरी शिकवणारे शोधण्यातच उत्साह संपतो.

पेटीच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा लेहऱ्याचा आहे. तबल्याच्या स्वतंत्र वादनात लेहरा धरणाऱ्याला तालाच्या एका आवर्तनाची स्वररचना न बदलता, न घाईने, न रेंगाळता वाजवत राहावे लागते. तीनतालाच्या सोळा मात्रांचा चंद्रकंसातला एखादा लेहरा बोटांवर चढायला तबलजीला फार दिवस लागत नाहीत, कारण त्यातला अवघड भाग, म्हणजे ठेका मनात चालू ठेवून समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) नेमके येणे, त्याने आधीच कमावलेला असतो. खरी परीक्षा पुढे सुरू होते. समोरचा वादक कायद्याची (ठरलेल्या बोलरचनेची) दुगुन, म्हणजे दुप्पट लय, करू लागला किंवा त्याने आडीचे, म्हणजे दीडपट लयीचे, काम काढले, की लेहरा धरणाऱ्याची बोटे त्याच्यामागे ओढली जातात. तसे होऊ न देणे हेच त्याचे काम. हे काम स्वतः करून पाहिल्यावर आपल्या तबल्यात आपण कोठे पळतो, तिहाईच्या (तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या बोलांच्या) आधी कोठे घाई करतो, हे जितके स्पष्ट कळते तितके मोबाइलवरच्या लेहऱ्यासोबत रियाझ करून कळत नाही, कारण मोबाइलमधल्या लेहऱ्याला आपण धरून ठेवलेले नसते. दोघे तबला शिकणारे एकत्र बसले, तर आळीपाळीने एकमेकांना लेहराही देता येतो.

दुसरा उपयोग पहिल्याच दिवसापासून होतो. पावसाळ्यात पुडी (तोंडावरचे चामडे) सैल पडून तबला सारखा उतरतो. अशा वेळी पेटीवर काळी एकचा (पहिल्या काळ्या स्वरपट्टीचा) षड्ज धरून गजऱ्यावर (पुडीच्या विणलेल्या कडेवर) हातोडी चालवली की कान निश्चित आधारावर राहतो. घरातल्या कोणाला अभंग म्हणायचा असेल तर सूर देण्याची सोय होते, ती वेगळीच.

तबलजीचे हात मात्र पेटीवर सुरुवातीला त्रास देतात. उजव्या हाताच्या बोटांना आघाताची सवय असते, त्यामुळे स्वरपट्टी दाबण्याऐवजी ठोकली जाते आणि प्रत्येक स्वर सुटा पडतो. पुढच्या स्वरावर बोट टेकल्यावरच मागचे उचलायचे, ही शिस्त वेगळी लावून घ्यावी लागते. डाव्या हाताचे दुखणे याहून गमतीचे आहे: तो भात्यावर मात्रा मोजू लागतो आणि दर मात्रेला आवाज फुगतो. भाता लयीत न हलवता, आतली हवा संपत आली की सावकाश भरायचा, हे शिकवणाऱ्याने सारखे बजावत राहावे लागते.

दुकानात पेटी पारखताना तिच्या पॉलिशपेक्षा भात्याकडे लक्ष द्यावे. पुढच्या सर्व खुंट्या बंद करून भाता भरावा आणि हात सोडून द्यावा. तो जागच्या जागी टिकून हळूहळू बसला तर सांधे घट्ट आहेत. भसकन मिटला तर हवा कोठून तरी निसटते आहे. मग खुंट्या उघडून, भाता अगदी हलका ठेवून एकेक स्वरपट्टी दाबत जावी. खर्जाकडचे सूर (आवाज देणाऱ्या धातूच्या पात्या, म्हणजे रीड) उशिरा बोलतात का, ते या वेळीच कळते, कारण जोरात भाता मारला की आळशी सूरही बोलतो. डबल रीडच्या पेटीत खर्ज आणि नर असे दोन सूर एकदम वाजतात. ते एकमेकांशी नीट मिळलेले नसतील तर आवाजात थरथर जाणवते. गुजरातेतल्या पालिताण्याच्या सुरांचे नाव घेऊन किंमत वाढवणारे विक्रेते भेटतील, परंतु सुरावर नाव काय आहे यापेक्षा तो हलक्या भात्यावर बोलतो की नाही, हे पाहणे आपल्या हातात असते. आम्हाला दाखवलेल्या पेट्यांपैकी दिसायला सर्वांत झगमगीत असलेली या कसोटीवर मागे पडली, आणि घेतलेली पेटी साध्या सागवानी रंगाची होती.

पट्टी बदलणारी, म्हणजे स्केल चेंजर पेटी घ्यावी का, हा प्रश्न दुकानात हमखास येतो. तीत स्वरपट्ट्यांचा संपूर्ण साचा सुरांवर सरकवता येतो, म्हणून कोणत्याही पट्टीतले गाणे आपल्या सवयीच्याच बोटांनी वाजवता येते. वेगवेगळ्या गायकांना साथ करणाऱ्याला ही सोय मोलाची आहे. तबलजीला तिचा उपयोग थोडा. लेहरा बहुधा आपल्या तबल्याच्याच पट्टीत वाजतो, आणि काळी एक व काळी पाच या दोन ठिकाणांहून बोटे बसवून घेतली की बराच व्यवहार भागतो. उलट साचा सरकता असल्याने पेटी जड होते, किंमत साध्या पेटीच्या दुप्पट वा त्याहून अधिक जाते, आणि दमट हवेत बिघडू शकणारा आणखी एक भाग वाढतो. गोव्यात राहून पहिलीच पेटी घेणाऱ्याने तिच्या मोहात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जोडपट्टीची, म्हणजे एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टी दाबणाऱ्या कॉपलरची सोयही गाळली तर चालेल; लेहऱ्याला तिची गरज लागत नाही.

पेटीच्या मर्यादा जुन्याच आहेत. तिच्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरणे, निघत नाही, आणि बाराच स्वर ठरलेले असल्यामुळे श्रुतींची, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म फरकांची, बारीक जागा सापडत नाही. अशाच आक्षेपांवरून 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली होती, आणि ती पुढे कित्येक वर्षे टिकली. त्याच पेटीवर एकलवादन किती उंचीला नेता येते, हे गोव्यातल्या बोरीत 1934 साली जन्मलेल्या पंडित तुळशीदास बोरकरांनी दाखवून दिले. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेवढी झेप बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. पण ज्याला गळ्यासारखा स्वर वाजवायची ओढ आहे, त्याने पेटीवर समाधान मानू नये आणि व्हायोलिनचाच विचार करावा.

आता हवेविषयी. जुलैत आमच्या पेटीच्या दोन पांढऱ्या स्वरपट्ट्या लाकूड फुगल्याने अडकू लागल्या आणि एक सूर बोट उचलल्यावरही वाजत राहिला. दुकानदाराने फोनवरच सांगितले की पट्ट्या स्वतः तासू नका, पाऊस सरला की लाकूड आपोआप जागेवर येईल, आणि तसेच झाले. त्या काळात पेटी जमिनीवर न ठेवता चौरंगावर ठेवणे, खोक्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाकणे आणि रोज थोडी तरी वाजवणे, एवढे पुरते. कापडी गवसणीपेक्षा घट्ट झाकणाचे खोके चांगले, कारण भात्याच्या चामड्याला झुरळे आणि उंदीर दोघेही सोडत नाहीत.

ज्याच्याकडून पेटी घेतली त्या विक्रेत्याची सेवा एकंदर समाधानकारक वाटली. घाई न करता चारपाच पेट्या वाजवू दिल्या, सूर मिळवून मगच पेटी हातात दिली. तक्रार एकच. वर्षाने एकदा सूर मिळवून देण्याचे आश्वासन तोंडी होते, पावतीवर लिहिलेले नव्हते, आणि मागितल्यावर तारीख पुढे पुढे जात राहिली. याला थोडे आपलेही वेळापत्रक कारणीभूत असते. श्रावणात वास्कोच्या भजनी सप्ताहापासून गावोगावच्या भजनांपर्यंत सगळ्या पेट्या एकदम बाहेर निघतात, आणि चतुर्थी जवळ आली की पेटी दुरुस्त करणाऱ्या मोजक्या कारागिरांकडे रांग लागते. पेटी तपासायला द्यायची तर दिवाळीनंतर द्यावी: हवा कोरडी झालेली असते, लाकूड स्थिरावलेले असते, आणि कारागिराला बसून एकेक सूर ऐकायला वेळ असतो.