डॅक ‘३२ बिट, ७६८’चा, आत चिप ४८ची

बाहेरचा डॅक, म्हणजे लॅपटॉपमधून डिजिटल आवाज घेऊन ॲम्प्लिफायरला ॲनालॉग देणारी डबी, कोणी घेणार असाल तर आधी हे वाचा. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून १४ हजारांना मी ती घेतली. वर ‘कॉन्फिगरेशन’चे अडीच हजार. डबीवर छापलं होतं: एके४४९० (जपानच्या आसाही कासेईची डॅक चिप), ३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ. म्हणजे आवाजाचे सेकंदाला ७ लाख ६८ हजार नमुने, आणि बिट जितके जास्त तितका प्रत्येक नमुना बारीक.

भाव जास्त वाटला म्हणून विचारलं, तर उत्तर तयार होतं. "काका, जपानात त्यांची फॅक्टरी जळली, चिप मिळतच नाहीत." आग खरी आहे. ऑक्टोबर २०२०मध्ये नोबेओका इथला आसाही कासेईचा कारखाना जळला आणि ऑडिओ चिपांचा जगभर तुटवडा झाला. पण पुढे त्याच कंपनीच्या नव्या चिप बाजारात आल्या. फसवणाऱ्याच्या बोलण्यात अर्धं खरं असतं, आणि आपण नेमकं तेच तपासून खूश होतो.

सेटिंग करायला पोरगा डोंबिवलीला घरी आला. हुशार, गोड बोलणारा. "विंडोजला हा डॅक ओळखता येत नाही, कंपनीचा लायसन्सचा ड्रायव्हर लागतो," म्हणत त्याने पेन ड्राइव्हवरून काहीतरी टाकलं. ते होतं एएसआयओ४ऑल. हे इंटरनेटवर फुकट मिळतं आणि कोणत्याही कंपनीच्या डॅकचं नाही. शिवाय २०१७च्या अपडेटपासून विंडोज १०मध्ये यूएसबी ऑडिओ क्लास २चा (यूएसबीवरून आवाज पाठवायच्या सर्वमान्य पद्धतीचा) ड्रायव्हर आधीपासूनच असतो. बरेचसे डॅक नुसती वायर लावली की चालतात. गंमत म्हणजे प्लेअरमध्ये आउटपुट ‘डिफॉल्ट’च ठेवलं होतं. म्हणजे ज्याचे पैसे घेतले तो ड्रायव्हर वापरातच नव्हता.

ते मुद्दाम होतं. त्याने फूबार या प्लेअरमध्ये १९२ किलोहर्ट्झची फाइल लावली आणि खालच्या पट्टीवर बोट ठेवलं, "बघा, १९२ चालू आहे." ती पट्टी फाइलचा आकडा दाखवते, डॅकचा नाही. मधे विंडोजचा मिक्सर असतो. डॅकला जेवढं झेपतं तेवढ्यावर तो सगळं उतरवतो आणि कुठेही बोंब मारत नाही. आउटपुटला वासापी एक्सक्लुझिव्ह (मिक्सरला वगळून थेट डॅककडे जाणारा रस्ता) निवडलं असतं, तर १९२ न झेपणाऱ्या डॅकवर तिथेच एरर आला असता.

मग ऐकवण्याचा कार्यक्रम. आधी लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून भीमसेनजींचा पुरिया, मग डॅकमधून. वायर बदलताना त्याचा डावा हात ॲम्प्लिफायरच्या नॉबवर होता. आधी काटा दहाच्या जागी होता, नंतर बाराच्या. "पडदा उठला की नाही, काका?" आवाज थोडा मोठा झाला की कानाला तो भरदार, स्वच्छ वाटतो, ऑडिओच्या धंद्यात ही युक्ती जुनी आहे. तुलना करायचीच असेल तर १ किलोहर्ट्झचा टोन लावून मल्टिमीटरने दोन्हीकडचे व्होल्ट सारखे करून घ्या, मग ऐका.

तो गेल्यावर मी विंडोजमधल्या साउंडच्या जुन्या खिडकीत गेलो: प्लेबॅक, डॅकवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड. डिफॉल्ट फॉरमॅटच्या यादीत सगळ्यात मोठा पर्याय १६ बिट, ४८००० हर्ट्झ, म्हणजे ४८ किलोहर्ट्झ. त्याच्या पुढे काहीच नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिटेल्स, हार्डवेअर आयडी पाहिला: व्हीआयडी (कंपनीचा क्रमांक) ०८बीबी, पीआयडी (मालाचा क्रमांक) २७०४. हा पीसीएम२७०४चा आयडी. ही चिप १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झच्या वर जातच नाही, आणि तिचे तयार बोर्ड काही शे रुपयांत मिळतात. चार स्क्रू काढले. एके४४९०ला चारही बाजूंनी पाय असतात. आतल्या चिपला दोनच बाजूंना होते, आणि नाव खरवडायचेही कष्ट कोणी घेतले नव्हते.

लिनक्सवाल्यांना हे आणखी सोपं: /प्रॉक/असाउंड मधली त्या कार्डची स्ट्रीम फाइल उघडली की चालणारे सगळे रेट लिहिलेले असतात. मॅकवर ऑडिओ मिडी सेटअप बघा. दुकानात आपलाच लॅपटॉप न्यायचा आणि पैसे द्यायच्या आधी ही यादी उघडायची. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान.

एक कबूल करायला हवं, डबी ऐकायला वाईट नाही. सीडी १६ बिट, ४४.१चीच असते आणि माझा बहुतेक संग्रह सीडीवरून उतरवलेला आहे. त्याला ही चिप पुरते. तिची खरी किंमत घेतली असती तर माझी तक्रार नव्हती. शेकड्यातल्या मालावर हजारांचं लेबल लावलं, राग त्याचा आहे.

परत करायला गेलो तर दुकानदाराने बिलावर बोट ठेवलं. त्यावर फक्त ‘ऑडिओ ॲक्सेसरी, १ नग’. मॉडेल नाही, चिप नाही, रेट नाही. "आम्ही ७६८ कधी म्हणालो?" कॉन्फिगरेशनचे अडीच हजार तर रोख घेतलेले, त्याचा कागदच नाही. डबीवरच्या छपाईचे, आतल्या चिपचे आणि त्या यादीचे फोटो जोडून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५वर तक्रार टाकली आहे. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. तुम्ही मात्र बिलावर चिपचं नाव आणि कमाल रेट लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. लिहायला जो टाळाटाळ करेल, त्याच्या डबीत काय असेल ते उघडून बघायची गरजही नाही.