नोराने जावे की थांबावे? ‘ए डॉल्स हाउस’च्या शेवटांची तुलना

हेन्‍रिक इब्सेन या नॉर्वेजियन नाटककाराचे ‘ए डॉल्स हाउस’ करायला घेणाऱ्या नाट्यसंस्थेने पडदा कोणत्या क्षणी पाडायचा, हे तालमी सुरू होण्यापूर्वीच ठरवावे, कारण त्यावर साऱ्या पात्रांचा न्याय अवलंबून आहे. २१ डिसेंबर १८७९ रोजी कोपनहेगनच्या रॉयल थिएटरमध्ये झालेल्या पहिल्या प्रयोगात नायिका नोरा लग्नाची अंगठी परत करून, नवरा आणि तीन मुले मागे ठेवून निघून गेली. दुसरा शेवटही इब्सेननेच लिहिला आहे. जर्मन अभिनेत्री हेडविग नीमान-राबे यांनी, आपण स्वतः मुलांना कधीच सोडून गेलो नसतो, असे सांगून हा प्रवेश करण्यास नकार दिला. तेव्हा इतर कोणी फेरफार करण्यापेक्षा तो आपणच केलेला बरा, म्हणून १८८० मध्ये इब्सेनने नाइलाजाने बदल करून दिला. त्यात नवरा हेल्मर नोराला झोपलेल्या मुलांच्या खोलीच्या दाराशी नेतो आणि ती तिथेच कोसळते. इब्सेनने या बदलाची गणना रानटी अत्याचारात केली होती.

या दुसऱ्या शेवटाची एक बाजू मात्र मान्य करावी लागते: मूळ शेवटात आडोशाला राहणारी मुले इथे प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर येतात आणि नोराच्या जाण्याची किंमत लपत नाही. तरीही मला तो अन्यायकारक वाटतो, कारण त्यात शेवटचे पाऊल हेल्मर उचलतो आणि नोराचा निर्णय तिच्या हातून काढून घेतला जातो. नवऱ्याच्या उपचारांसाठी तिने वडिलांची खोटी सही करून कर्ज काढले, हा गुन्हा होता. पण हेल्मरची चूक त्याहून मोठी आहे. हा गुन्हा उघड करण्याची धमकी देणाऱ्या सावकार क्रोगस्टाडकडून कर्जरोखा परत आल्याचे कळताच त्याच्या तोंडून ‘मी वाचलो’ हे शब्द निघतात, आणि ‘आणि मी?’ असे नोराला विचारावे लागते. आठ वर्षांच्या संसाराचा निकाल इथेच लागतो. त्यानंतर तिला मुलांच्या दाराशी थांबवणे म्हणजे हेल्मरच्या त्या शब्दांची जबाबदारी मुलांवर टाकणे होय.

थांबणेच वास्तवाला धरून आहे, असे म्हणणाऱ्यांनी लॉरा कीलर यांचे आयुष्य आठवावे, कारण नोराचे पात्र त्यांच्यावरून सुचले. त्या पुढे नवऱ्याकडे परतल्या हे खरे, परंतु त्याआधी त्याच नवऱ्याने त्यांना वेड्यांच्या इस्पितळात ठेवले होते. बदललेल्या शेवटात परतण्याची ही किंमत कुठेच दिसत नाही.

नोराची मैत्रीण मिसेस लिंडे हिच्या निवडीकडे दिग्दर्शकांचे सहसा दुर्लक्ष होते. क्रोगस्टाड हेल्मरला सारे कळवणारे आपले पत्र परत मागायला तयार असताना ती त्याला अडवते आणि नोरा व हेल्मर यांच्यामध्ये सत्य उघड झालेच पाहिजे, असे ठरवते. आजारी आई आणि लहान भावांसाठी जिने स्वतः मनाविरुद्ध लग्न केले, तिने दुसरीच्या संसाराबद्दल असा निर्णय तिला न विचारता घ्यावा, हे मला खटकते. पण तिचे निदान अचूक आहे. मूळ शेवट निवडला, तर ही भूमिका तितक्याच ताकदीच्या अभिनेत्रीकडे द्यावी लागेल.

अमेरिकी नाटककार ल्यूकस नेथ यांच्या २०१७ च्या उत्तरकथेत पंधरा वर्षांनी नोरा परत येते आणि मोठी झालेली मुलगी एमी तिच्यासमोर उभी राहते. चारच पात्रे असल्यामुळे लहान संस्थेला हे नाटक सोयीचे आहे आणि मुलांचा प्रश्नही त्यात खऱ्या अर्थाने विचारला जातो; मात्र ज्या प्रेक्षकांनी मूळ नाटक पाहिलेले नाही, त्यांना ते अर्धेच पोहोचेल.

म्हणून पहिल्यांदाच ‘ए डॉल्स हाउस’ करणाऱ्यांनी मूळ शेवटच घ्यावा, पण तो नोराचा विजय म्हणून रंगवू नये. संहितेत दोघांचे एकत्र राहणे खरा संसार होईल, या चमत्काराची आशा हेल्मरच्या मनात आधी जागते आणि बाहेर पडलेल्या नोरामागे दार त्यानंतर बंद होते. हा क्रम बदलू नये, आणि त्या दोहोंमधला हेल्मरचा एकटेपणा संगीताने भरून काढू नये.