जनरेटर की इन्व्हर्टर? हिंगोलीसारख्या कमी धोक्याच्या जिल्ह्यातील घरासाठी

आपत्तींची चर्चा निघाली की हिंगोलीचे नाव सहसा कोणी घेत नाही. समुद्र दूर आहे, दरडी कोसळाव्यात असे कडे नाहीत आणि 2002 च्या भूकंप नकाशात आपला जिल्हा सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. तरीही वसमत, औंढा आणि कळमनुरी तालुक्यांत राहणाऱ्यांना जमिनीखालचा गडगडाट नवा नाही. पांगरा शिंदे हे गाव तर त्या आवाजांमुळेच बातम्यांत येते. 21 मार्च 2024 रोजी सकाळी सहाच्या सुमारास 4.5 तीव्रतेचा धक्का बसला, काही मिनिटांतच दुसरा बसला आणि त्याच वर्षी 10 जुलैला पुन्हा 4.5 तीव्रतेचा धक्का जाणवला. त्याआधी जुलै 2022 मध्ये वसमत तालुक्यातील कुरुंद्यात घराघरांत पुराचे पाणी शिरले होते. किल्लारीचा परिसरही 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपापर्यंत सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रातच गणला जात होता, हे लातूर-धाराशिवकडे सोयरीक असलेल्यांना वेगळे सांगायला नको.

तयारीतील बिनखर्चाची कामे सर्वांनी केलेली असतील असे मी धरून चालतो. मार्च 2024 च्या धक्क्यांनंतर प्रशासनाने पत्र्यांवर ठेवलेले दगड उतरवून घेण्याचे आवाहन केले होते; ते उतरवलेले असावेत, माळवदाच्या, म्हणजे मातीच्या जड छताच्या जुन्या खोलीत कोणी झोपत नसावे, आणि विजांचा इशारा देणारे ‘दामिनी’ ॲप घरातील एकाच्या तरी मोबाईलमध्ये असावे. खरी अडचण येते ती पैसे घालून काय घ्यावे या प्रश्नापाशी. धक्का असो, पूर असो की अवकाळीचे वादळ, आपल्याकडे त्याचा पहिला फटका विजेलाच बसतो. खांब आडवे होतात, डीपी म्हणजे गावातला ट्रान्सफॉर्मर जळतो आणि कधी दोन-दोन, तीन-तीन रात्री अंधारात जातात. त्यामुळे अखेर विचारणा होते ती जनरेटर घ्यावा की इन्व्हर्टर, एवढीच.

आमच्या घरात दोन्ही नांदलेले आहेत. पेट्रोलवर चालणारा जनरेटर वडिलांनी भारनियमनाच्या काळात घेतला होता, इन्व्हर्टर पुढे आला, आणि काही वर्षे दोन्ही एकाच छपराखाली राहिल्यानंतर मी जनरेटर विकून टाकला. माझा कल कुणीकडे आहे हे यावरून कळेलच. तरी जनरेटरच्या बाजूने जे बोलण्यासारखे आहे ते आधी सांगणे योग्य होईल.

जनरेटर ताकदीचा असतो. बोअरमधील एक एचपीची सिंगल फेज मोटर सुरू होताना एरवीच्या कितीतरी पट करंट ओढते. घरगुती इन्व्हर्टर तिच्यापुढे मान टाकतो, तर अडीच-तीन केव्हीएचा जनरेटर तिला उचलतो. तीन दिवस लाईट नसेल तर उजेडाशिवाय भागते, पण पाण्याशिवाय भागत नाही, विशेषतः दावणीला जनावरे असतील तेव्हा. शिवाय जनरेटरला ‘आता संपले’ हा शब्द माहीत नाही. पेट्रोल असेपर्यंत तो चालत राहतो, आणि बाहेर आभाळ आहे की ऊन याच्याशी त्याला देणेघेणे नसते. कागदावर पाहिले तर आपत्तीसाठी हेच यंत्र घ्यावे असे कोणालाही वाटेल.

अडचण त्या यंत्राची नसून आपल्या भागाची आहे, असे मला वाटते. कोकणात वादळ-पाऊस दरवर्षी वीज घालवतो, त्यामुळे तिथल्या घरातील जनरेटर दरवर्षी चालतो. आपल्याकडे भारनियमन कमी झाले तसा आमचा जनरेटर शेडमध्ये सोयाबीनच्या रिकाम्या पोत्यांखाली गेला आणि वर्षातून एखाद्या वेळीच बाहेर निघू लागला. मग वादळाची संध्याकाळ येते. टाकीत पेट्रोल असते, पण यंत्र काही सुरू होत नाही. चोक ओढायचा, दोरी ओढायची, प्लग काढून पुसायचा, पुन्हा दोरी ओढायची; तोंडात टॉर्च धरून हे सगळे करताना खांदा भरून येतो आणि घरातून ‘राहू द्या आता’ असा आवाज येतो. दुसऱ्या दिवशी मिस्त्री येऊन कार्बुरेटर उघडतो, तर त्याच्या तळाच्या वाटीत पिवळसर चिकट थर बसलेला असतो, त्याला व्हार्निशसारखा वास येत असतो आणि पेट्रोल सोडणाऱ्या जेटचे केसाएवढे भोक त्याने बुजलेले असते. मिस्त्री बारीक तारेने ते मोकळे करतो, हवा मारतो, आणि जनरेटर दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला सुरू होतो. आमच्याकडे तोवर बहुधा लाईट आलेली असे.

पडून राहिलेले पेट्रोल असे बिघडतेच, आणि आता त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, जे हवेतील ओल शोषून घेते. यावरचा उपाय सर्वांना ठाऊक आहे: महिन्यातून एकदा दहा-पंधरा मिनिटे यंत्र चालवावे आणि बंद करताना पेट्रोलचा कॉक आधी बंद करून वाटीतील पेट्रोल जळून जाऊ द्यावे. नियम चांगला आहे, पण सहा महिने काहीच घडले नाही की सातव्या महिन्याचा तो रविवार हळद शिजवण्यात किंवा लग्नसराईत निघून जातो, आणि नेमके त्यानंतर अवकाळी येते. ताजे पेट्रोल वेळेवर आणू म्हटले तर पंपावर कॅनमध्ये पेट्रोल द्यायला नकार मिळतो; मोटारसायकलच्या टाकीतून काढावे तर त्या रात्री दवाखान्यात जायची वेळ आल्यास मोटारसायकलच लागणार असते. या एका कटकटीनेच माझा निर्णय झाला. बाकीच्या उणिवा मी कदाचित चालवून घेतल्या असत्या.

त्या उणिवाही थोडक्यात सांगतो. जनरेटरच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि बंद खोलीत तो माणसे झोपेतच मारतो. म्हणून यंत्र घराबाहेर, खिडकीपासून लांब ठेवावे लागते आणि भर पावसात त्याला आडोसाही द्यावा लागतो. दुसरे म्हणजे त्याचा आवाज. धक्क्यांच्या दिवसांत आपल्याकडे माणसे अंगणात बाजा टाकून जमिनीच्या गडगडाटाकडे कान लावून पडतात. तिथे रात्रभर जनरेटर धडधडत असेल तर म्हाताऱ्या माणसांची धास्ती वाढते, निदान आमच्या आईची तरी वाढत असे.

इन्व्हर्टर मात्र आठवड्यातून दोन-तीनदा आपोआप कामाला लागतो. बॅटरी उतरायला लागली असेल तर ते उन्हाळ्यातल्या एखाद्या साध्या रात्रीच लक्षात येते, वादळाच्या रात्रीपर्यंत वाट पाहावी लागत नाही. 12 व्होल्टच्या 150 अँपिअर-अवर बॅटरीत कागदोपत्री 1.8 युनिट वीज मावते. तिच्यातील एक-सव्वा युनिटच हाताशी येते असे धरले तरी चार एलईडी दिवे, कमी विजेवर चालणारा एक बीएलडीसी पंखा आणि सर्वांचे मोबाईल यांवर आमची पूर्ण रात्र निघते. अशा वेळी घराला लागते तेही बहुतेक एवढेच.

प्रश्न दुसऱ्या रात्रीचा असतो, कारण लाईटच नसेल तर बॅटरी भरणार कशी? म्हणून नुसता इन्व्हर्टर घेऊन थांबू नये, गच्चीवर सोलरचे निदान एक पॅनेल जोडून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. अवकाळीनंतर दुसऱ्या दिवशी आपल्याकडे बहुधा लख्ख ऊन पडते आणि संध्याकाळपर्यंत बॅटरी कामापुरती भरते. जुलै-ऑगस्टच्या झडीत तसे होत नाही. तेव्हा पंखा बंद ठेवून दोन दिव्यांवर भागवावे लागते, हे मान्य केले पाहिजे. गारांची भीती अनेकांना वाटते. पॅनेलच्या काचेची चाचणी 25 मिलिमीटरच्या गारेने घेतात आणि 2014 च्या गारपिटीत मराठवाड्यात त्याहून मोठ्या गारा पडल्या होत्या, तेव्हा ही भीती अगदीच निराधार नाही. पण मी तो धोका पत्करला आहे. विजेच्या कडकडाटात मात्र इन्व्हर्टरचा प्लग भिंतीतून काढून ठेवावा आणि घराचे अर्थिंग तपासून घ्यावे, कारण जवळ वीज पडली तर इन्व्हर्टरमधले सर्किटचे कार्ड जळण्याची शक्यता असते.

बॅटरी ठेवायची कुठे, यावर आमच्याकडे बराच काथ्याकूट झाला. पुराचा विचार केला तर ती उंचावर हवी, धक्क्याचा विचार केला तर खाली हवी, कारण पन्नास-साठ किलोची, ॲसिडने भरलेली वस्तू फळीवरून कोसळली तर काय होईल हे सांगायला नको. शेवटी कोपऱ्यात दोन फुटांचा सिमेंटचा ओटा बांधून, पुढे विटेची उभी कड देऊन, बॅटरी त्याच्यावर बसवली. घर नदीनाल्याच्या काठाला असेल तर ओटा आणखी उंच लागेल. डिस्टिल्ड वॉटर घालणे आणि टर्मिनलवर धरलेली पांढरी भुकटी पुसणे, एवढी देखभाल मागे लागतेच, आणि काही वर्षांनी बॅटरी बदलण्याचा खर्चही येतो. पाण्यासाठी आम्ही गच्चीवरची टाकी रोज लाईट असतानाच भरून ठेवतो आणि हवामान खात्याचा इशारा आला की घरातले पिंप, घागरी, हंडे भरतो. चार माणसांना आणि दोन जनावरांना ते दोन दिवस पुरते.

ज्यांच्या दावणीला जनावरे जास्त आहेत, कोंबड्यांचे शेड आहे, किंवा ज्यांच्या घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेले माणूस आहे, त्यांना माझा सल्ला लागू पडणार नाही. तो कॉन्सन्ट्रेटर तीन-साडेतीनशे वॅट सतत ओढतो आणि माझ्यासारखी बॅटरी तीन-चार तासांत रिकामी करतो. अशा घराने जनरेटर जरूर घ्यावा. फक्त दर महिन्याला तो चालवण्याचे काम घरातील एका ठरावीक माणसाकडे सोपवावे आणि त्या दिवशी बोअरची मोटर जनरेटरवरच लावावी, म्हणजे टाकीही भरेल आणि जनरेटर मोटर उचलतो की नाही हेही कळेल.