सीलबंद तिकिटाची पाठ कोणी पाहिली?

पेनी ब्लॅक हे काही दुर्मिळ तिकीट नाही. १८४० साली ब्रिटनने काढलेलं हे जगातलं पहिलं चिकटवायचं पोस्टाचं तिकीट, आणि त्याच्या सुमारे ६ कोटी ८० लाख प्रती छापल्या गेल्या. कठीण आहे ती चारही बाजूंना मोकळं मार्जिन असलेली धड प्रत मिळणं. तेव्हा तिकिटांना दाते नव्हते. शीटमधून तिकीट कात्रीने कापायचं, दोन तिकिटांमधली जागा जेमतेम, मग कात्री बहुतेकदा एका बाजूला तरी चित्रात घुसायची. तीन मार्जिनची प्रत आणि चार मार्जिनची प्रत यांच्या किमतीत मोठी तफावत पडते. माझी फसवणूक त्या तफावतीवरच बेतलेली होती.

मला विकलं गेलं ते तिकीट कडक पारदर्शक प्लास्टिकच्या चपट्या डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये, सीलबंद होतं. वर लेबल, बारकोड, चकाकणारा होलोग्राम आणि मोठ्या अक्षरात ग्रेड ९५. खाली ‘चार मार्जिन, निर्दोष’. ग्रेड देणाऱ्या संस्थेच्या नावात ‘इंटरनॅशनल’ही होतं आणि ‘सर्टिफाइड’ही. बारकोड स्कॅन केला की एक पान उघडायचं, त्यावर याच तिकिटाचा, याच डबीतला फोटो. पडताळणी झाली असं वाटायला एवढं पुरतं. प्रत्यक्षात लेबलवर जे छापलं होतं तेच ते पान पुन्हा सांगत होतं, आणि पान चालवणारे कोण याचा त्यावर कुठे पत्ता नव्हता.

९५ हा आकडा तसा हवेतला नाही. तिकिटांचं ग्रेडिंग १०० पैकी होतं; अमेरिकेतली प्रोफेशनल स्टँप एक्सपर्ट्स किंवा १९४५ पासून न्यूयॉर्कमध्ये काम करणारी फिलाटेलिक फाउंडेशन यांच्या सर्टिफिकेटवर असे आकडे दिसतात. ९८ म्हणजे जुन्या तिकिटांत जवळजवळ अप्राप्य, ९० म्हणजे उत्तम, ८० चांगलं. पण हा आकडा नंतर येतो. आधी तिकीट अस्सल आहे का, त्याची दुरुस्ती झाली आहे का, हे ठरतं आणि ते ठरतं तिकीट हातात घेऊन. आकडा छापायला प्रिंटर पुरतो, हे माझ्या विक्रेत्याला चांगलं ठाऊक होतं.

स्लॅबची पद्धत मुळात नाण्यांकडून आली. १९८०च्या दशकात अमेरिकेत नाणी तपासून, ग्रेड देऊन प्लास्टिकमध्ये बंद करायला सुरुवात झाली आणि नाण्याला ते शोभतंही. नाण्याच्या दोन्ही बाजू काचेतून दिसाव्यात तशा स्पष्ट दिसतात, झीज दिसते, हाताळणी टळते. तिकिटाचं तसं नाही. तिकिटाची अर्धी किंमत पाठीवर असते. कागद कुठे खरवडून पातळ झाला आहे का, मूळ डिंक आहे की नव्याने लावलेला, हिंजचा, म्हणजे अल्बममध्ये तिकीट लावायच्या कागदी पट्टीचा, डाग आहे का, घडी पडली आहे का, हे सगळं मागून कळतं. वॉटरमार्क, म्हणजे कागदातच असलेली पुसट खूण, पाहायचा तर तिकीट काळ्या तबकडीत पालथं ठेवून वर वॉटरमार्क फ्लुइडचे थेंब टाकावे लागतात. त्यात पेनी ब्लॅकचा छोटा मुकुट दिसतो आणि त्याबरोबर लपवलेले सांधे आणि पातळ जागाही उघड्या पडतात. अतिनील दिव्याखाली दुरुस्तीचा गोंद बऱ्याचदा वेगळा चमकतो, पण मध्ये प्लास्टिक आलं की त्या दिव्याचा भरवसा उरत नाही. माझ्या डबीत तर तिकिटामागे पांढरं जाड कार्ड होतं. म्हणजे पाठ दिसण्याचा प्रश्नच नाही, आणि भिंग लावलं तर प्लास्टिकवरची चकाकीच आधी डोळ्यात यायची.

मी पाठीचा फोटो मागितला. उत्तर आलं, ‘मॅडम, ग्रेड झालेलं तिकीट बाहेर काढत नाहीत, सील तुटतं.’ परतीची अट अशी होती: डबी न उघडता ठरलेल्या मुदतीत परत केली तर पैसे मिळतील, सील तुटलं तर हमी संपली. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. दोष पाहायचा तर डबी उघडायला हवी, आणि उघडली की दोष दाखवायचा हक्क गेला. या धंद्यात मला सगळ्यात सफाईदार वाटलेली गोष्ट ही अट आहे. मार्जिन जोडायला हात लागतो, पण हात पकडला जाऊ नये याची सोय या एका ओळीने केली होती.

पेनी ब्लॅकच्या खालच्या दोन कोपऱ्यांत अक्षरं असतात. शीटवर २४० तिकिटं, २० ओळी, प्रत्येक ओळीत १२. पहिलं तिकीट ए-ए, शेवटचं टी-एल. ही अक्षरं छपाईच्या धातूच्या प्लेटवर हाताने ठोकलेली, त्यामुळे ती चौकटीत कुठे जरा वर, कुठे कललेली बसली आहेत, आणि त्यावरून तिकीट ११ पैकी कोणत्या प्लेटचं हे अभ्यासक सांगू शकतात. त्यात भर म्हणजे तिकीट वापरलं गेलं हे दाखवणारा पोस्टाचा शिक्का. माल्टीज क्रॉस या क्रुसाच्या आकाराचा लाल ठसा प्रत्येक तिकिटावर वेगळ्या जागी, वेगळ्या कोनात पडतो. अक्षरं आणि शिक्का एकत्र धरले की तिकिटाची ओळख पक्की होते. (हा लाल शिक्का पुसून तिकीट पुन्हा वापरता येईल, या भीतीनेच १८४१ मध्ये तिकीट लाल आणि शिक्का काळा करण्यात आला. चलाखी करणारे तिकिटाइतकेच जुने आहेत.)

जुन्या लिलावांचे फोटो चाळताना हेच तिकीट सापडलं. तीच अक्षरं, क्रॉसचा तोच तिरका हात, डाव्या बाजूला शाईचा तोच ठिपका. फरक एवढाच की त्या फोटोत वरचं मार्जिन नव्हतं. कात्री वरच्या चौकटीला घासून गेली होती. वर्णनात स्पष्ट लिहिलं होतं: तीन मार्जिन, मागे पातळ जागा. मधल्या काळात कोणीतरी वर कागदाची पट्टी जोडली, पाठ भरून काढली, चौकटीची रेघ शाईने ओढली आणि वरून प्लास्टिक चढवलं.

मग डबी उघडली. उघडण्याआधी लेबल, सील, कोपऱ्यातली अक्षरं कॅमेऱ्यासमोर धरली आणि तिकीट चिमट्याने बाहेर येईपर्यंत व्हिडिओ कुठेही थांबवला नाही. मी ज्या तज्ज्ञांकडे ते तपासायला पाठवणार होते, त्यांना तिकीट सुटंच हवं होतं, डबीतलं तपासणार नाही असं त्यांनी आधीच कळवलं होतं. फ्लुइडमध्ये सांधा सरळ रेघेसारखा दिसला. त्यांचं मत: तिकीट अस्सल, वरचं मार्जिन जोडलेलं, पाठीवरची पातळ जागा भरलेली.

विक्रेत्याचं उत्तर अपेक्षित होतं. ‘सील तुटलेलं आहे. हे आमचंच तिकीट कशावरून?’ अक्षरं, शिक्का, ठिपका, व्हिडिओ सगळं पाठवल्यावर त्याने बोलणं बंद केलं. पैसे परत आले ते पेमेंट कंपनीकडे तक्रार केल्यावर आणि तिथेही लिलावाचा जुना फोटो जास्त उपयोगी पडला.

अशी खरेदी करणार असाल तर संस्थेचं नाव स्वतः शोधा, लेबलवरच्या कोडमधून जाऊ नका. ज्यांच्या मताला बाजारात वजन आहे, त्यांच्या सर्टिफिकेटवर तिकिटाचा फोटो असतो. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची तज्ज्ञ समिती १८९४ पासून असं मत देत आली आहे. सुट्या तिकिटाचे पुढून-मागून फोटो मागा. सर्टिफिकेट येईपर्यंत परतीची मुदत वाढवून देणं ही या व्यापारातली जुनी रीत आहे, चांगले लिलाव करणारे ती पाळतात. तपासणीसाठी डबी उघडली तरी परत घेईन असं लेखी घ्या. ‘न वापरलेलं, मूळ डिंक’ असा दावा असलेलं तिकीट डबीत असेल तर जास्त सावध व्हा, कारण नव्याने लावलेला डिंक दात्यांच्या टोकांवरच्या तंतूंपर्यंत जाऊन त्यांना कडक करतो आणि ते बंद डबीतून समजत नाही. आणि अलीकडची, यंत्रावर प्रचंड संख्येने छापलेली साधी तिकिटं ९८च्या लेबलखाली महाग विकतात तो वेगळाच खेळ. तिथे तिकीट खरं असतं, ग्रेडही कदाचित खरी असते, दुर्मिळता तेवढी खोटी.

तो विक्रेता अजून विकतो आहे. त्याच संस्थेची लेबलं, तशाच डब्या. वर्णनात आता एक ओळ वाढली आहे: ‘ग्रेड हे ग्रेड देणाऱ्या संस्थेचं मत आहे, विक्रेत्याचा दावा नाही.’